गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग सुटत नसेल तर: कोपरे शाबूत आहेत तोवर काय करायचं आणि गेल्यावर काय

प्रश्न असा आहे: ट्रकच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला घेतलं, पण खालचा ड्रेन प्लग जागचा हलत नाही. रिंग पाना दोनदा घसरला आणि प्लगच्या डोक्याचे दोन कोपरे जरा गोल झाले. आता पान्याला लांब पाईप घालून जोर लावावा, गॅसने तापवावा, की नट वेल्ड करून काढावा?

यातलं काहीही करण्याआधी बाजूचा फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायचा प्लग, उघडून बघा. ऑइल बदलताना ड्रेन प्लगला हात लावायचा तो त्यानंतरच. खालून सगळं ऑइल निघून गेलं आणि वरचा प्लग उघडलाच नाही, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच अडकून पडते. उलट ड्रेन प्लग आज सुटला नाही तर फारसं बिघडत नाही, जुन्या ऑइलवर गाडी आणखी काही दिवस चालते. शिवाय फिलर उघडला असेल तर ऑइल वरून ओढून काढायची वाट मोकळी राहते. ती पुढे कामाला येणार आहे.

दुसरी खात्री, तुम्ही ज्याच्याशी झगडताय तो ड्रेन प्लगच आहे ना? गिअरबॉक्सच्या अंगावर तसेच दिसणारे प्लग आणि बोल्ट बरेच असतात. कुठे शिफ्टर शाफ्टची स्प्रिंग आणि गोळी दाबून धरणारा प्लग असतो, कुठे रिव्हर्स आयडलरच्या शाफ्टचा बोल्ट. गोळीचा प्लग चुकून काढला तर स्प्रिंग उडून बाहेर येते आणि काम वाढतं. मॅन्युअलमधलं चित्र आणि समोरचा प्लग जुळवून बघा. काही मोठ्या गिअरबॉक्सना दोन ड्रेन प्लग असतात, हेही तेव्हाच कळेल.

आणि दिशा. खाली आडवं पडून प्लगच्या तोंडाकडे सरळ बघत असाल तर सुटण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलटी. चॅसिसच्या बाजूने हात घालून वरून काम करत असाल तर हेच उलटं दिसतं आणि माणूस प्लग आणखी आवळत बसतो. झिजलेल्या कोपऱ्यांमागे हे कारण बरेचदा निघतं. हाताला तेवढ्यापुरता सुटा नट घ्या, प्लगसमोर त्याच बाजूने धरून फिरवून बघा, शंका उरणार नाही.

आता मूळ मुद्दा. जाम प्लग ताकदीने सुटतो असा समज आहे, पण बहुतेक वेळा तो पकड नीट बसल्यामुळे आणि धक्क्यामुळे सुटतो. ताकद लावायची पाळी सगळ्यात शेवटी येते. कोपरे शाबूत आहेत तोवर सगळे उपाय तुमच्या हातात असतात. पाना एकदा घसरला की त्यातला एक उपाय कमी होतो, दुसऱ्यांदा घसरला की आणखी दोन. तुमचे दोन कोपरे झिजलेत म्हणजे अजून चार चांगले आहेत. तेवढे पुरतात, पण आता चुकायची मुभा नाही.

प्लग का धरतो ते समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतो. सरळ आट्यांचा प्लग असेल तर त्याच्या डोक्याखाली वॉशर असतो आणि सीलिंग त्या वॉशरवर होतं. अशा प्लगला धरून ठेवणारं बरंचसं घर्षण डोक्याखालीच असतं: चेपलेला वॉशर, त्याच्या कडेने शिरलेलं पाणी, चिखल, गंज. निमुळत्या आट्यांच्या पाईप प्लगला वॉशर नसतो, तो पाचरीसारखा आट्यांमध्येच घट्ट होत जातो. आधीच्या माणसाने तो गळू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो, वर पक्कं होणारं सीलंट लावलेलं असतं. तिसरी गोष्ट, गिअरबॉक्सचं केसिंग, म्हणजे बाहेरची पेटी, बरेचदा ॲल्युमिनियमची आणि प्लग पोलादी. दोन वेगळे धातू आणि मधे रस्त्यावरचं खारट पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम कुरतडलं जाऊन पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आटे जखडून टाकते.

गाडीखाली जाण्याआधी: सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि उचलली असेल तर जॅकवर न ठेवता स्टँडवर. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर चॅसिसखाली स्टँड दिल्याशिवाय आत शिरूच नका, हवा निघाली की चॅसिस खाली बसतं. जोर लावताना तुम्ही गाडीलाही हलवत असता, हे लक्षात ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, वरून गंजाचे कण थेट डोळ्यात पडतात.

पहिलं काम साफसफाई. वायर ब्रशने प्लगचं डोकं आणि भोवतालची कड चकचकीत होईपर्यंत घासा. आतून षटकोन असलेला, म्हणजे एलन कीचा प्लग असेल तर खाचेतला सुकलेला चिखल अणकुचीदार सळईने तळापर्यंत खरवडून काढा आणि हवा मारा. १० मिमी खोल खाचेत ४ मिमी चिखल बसलेला असेल तर एलन की निम्म्याच उंचीवर धरते आणि खाचेचं तोंड गोल करून टाकते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्लग फार जाम होता. खरं तर की आत गेलेलीच नसते.

मग गंज सोडवणारं तेल, म्हणजे पेनेट्रेटिंग ऑइल. ते प्लगच्या कडेला मारून रात्रभर ठेवा, मधे दोन-तीनदा पुन्हा मारा. खाली तोंड असलेल्या प्लगवर तेल टिकत नाही, ठिबकून जातं. म्हणून प्लगच्या मुळाशी तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळून तारेने बांधा. निमुळत्या प्लगमध्ये तेल फारसं आत शिरत नाही, कारण ते आटे गळू नयेत अशाच बेताने बसवलेले असतात. तिथे तेलावर फार भरवसा ठेवू नका.

आता पकड. बारा कोनांचा रिंग पाना किंवा बारा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, इथे चालणार नाही. ती कोपऱ्याच्या टोकाजवळ धरते आणि टोक छाटून टाकते. सहा कोनी, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटी घ्या, ती कोपऱ्याऐवजी सपाट बाजूवर दाबते. बऱ्याच गोट्यांच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो आणि प्लगचं डोकं चपटं असलं की नेमक्या त्या उताराच्या भागातच डोकं येतं. अशी गोटी असेल तर तिचं तोंड ग्राइंडरवर दोन-तीन मिमी घासून सपाट करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण चपट्या डोक्याच्या प्लगवर याने पडणारा फरक हाताला लगेच कळतो. कोपरे जरा झिजलेत तर इंची मापही करून बघा: २४ मिमीची गोटी सैल पडत असेल तिथे १५/१६ इंचाची, म्हणजे २३.८ मिमीची, हातोडीने ठोकून घट्ट बसते.

चौकोनी खाचेचा प्लग असेल तर अर्धा इंची टॉमीचं, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याचं, चौकोनी टोक थेट आत जातं. मात्र टोकावर गोटी अडकवायची जी गोळी असते तिच्यामुळे टोक पूर्ण बसत नाही किंवा तिरकं बसतं. प्लगसाठी बनवलेला भरीव चौकोनी बिट वापरलेला बरा.

१७ मिमीची एलन की हाताशी नसेल तर एक जुगाड चालतो. एम१० च्या जुन्या मापाच्या बोल्टचं डोकं १७ मिमीचं असतं. १०.९ ग्रेडचा असा बोल्ट घ्या, त्यावर दोन नट एकमेकांवर आवळा आणि बोल्टला वेल्ड करा. डोकं प्लगच्या खाचेत, गोटी नटवर. नुसते आवळलेले नट जोर आला की फिरतात, म्हणून वेल्ड हवं. तरी हा जुगाड मध्यम जाम प्लगपुरताच. फार घट्ट प्लगवर बोल्टच पिळवटून तुटेल, तिथे इम्पॅक्टचा १७ मिमी बिट मागवून घ्या.

गोटी बसवण्याआधी प्लगला ठोका. पितळेचा जाड दांडा प्लगच्या डोक्याच्या मध्यावर धरून एक किलोच्या हातोडीने सात-आठ कोरडे, झटपट ठोके द्यायचे. आवाजाकडे लक्ष असू द्या. सुरुवातीला ठोका बसल्यावर भरीव ठण्ण येतं, वॉशर जागेवरून सुटला की आवाज किंचित बसका होतो आणि प्लगच्या कडेने तेलाची बारीक ओली रेघ दिसायला लागते. ती रेघ दिसली की निम्मं काम झालं असं समजा. ठोके प्लगवरच पडायला हवेत. ॲल्युमिनियमच्या केसिंगवर एक जरी जोरात बसला तरी प्लगभोवतालची जाड कड तडकू शकते.

यानंतर लांब टॉमी. ६० सेंटिमीटरच्या टॉमीच्या टोकाला ४० किलोचा भार दिला तर सुमारे २४० न्यूटन-मीटर होतात. १ मीटर २० सेंटिमीटरचा पाईप चढवला तर तेवढ्याच भाराने दुप्पट. २४ मिमीच्या प्लगचा आवळायचा टॉर्क साधारण ५० ते ७० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे ६० सेंटिमीटरची टॉमीच तिप्पट-चौपट ताकद देते. तेवढ्याने प्लग हलत नसेल तर पाईप लांबवून पुढे काय होतं? एकतर कोपरे जातात, नाहीतर केसिंगची कड फुटते. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या लांब पाईपला माझं उत्तर आत्ता नाही असं आहे. आधी उष्णता, आणि पाईप त्यानंतर, गोटी घट्ट बसलेली असेल तरच.

टॉमी लावताना एक्स्टेन्शन शक्य तितकं आखूड ठेवा आणि गोटीच्या मागे काहीतरी टेकू द्या: स्टँड, लाकडाचा ठोकळा, नाहीतर छोटा बॉटल जॅक हलकासा टेकवून. गोटी घसरते ती बहुतेकदा तिरकी होते म्हणून. टेकू असेल तर तुमचा सगळा जोर फिरवण्यातच जातो. आधी आवळायच्या दिशेने छोटासा झटका द्या, मग उलट्या दिशेने. प्लग केसभर जरी हलला तरी गंजाची कडी मोडते. सुटायला लागला की एकदम फिरवत नेऊ नका. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे, मधे तेल मारत. ॲल्युमिनियममध्ये घाईने फिरवलेला प्लग आटे सोलून बाहेर येतो, आणि मग दुखणं प्लगचं न राहता गिअरबॉक्सचं होतं.

इम्पॅक्ट गन असेल तर ती टॉमीपेक्षा चांगली, कारण तिचे लहान लहान धक्के गंज फोडतात. कमी ताकदीवर ठेवून दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, उलटसुलट. सलग दहा सेकंद दाबून धरली तर गोटी कोपरे दळून काढते. प्लग परत बसवताना मात्र गन हातात घ्यायची नाही.

एवढ्याने सुटलं नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून प्लगपेक्षा त्याच्या भोवतालचं केसिंग तापवायचं. आकडा लहान आहे: दोन्ही १०० अंशांनी तापले तर २४ मिमी व्यासाच्या प्लगला जागा मोकळी होते ती ०.०२५ मिमीच्या आसपास. पण जखडलेल्या आट्यांना तेवढं पुष्कळ होतं. ओतीव लोखंडाच्या केसिंगमध्ये हा फायदा मिळत नाही, कारण ते पोलादाइतकंच फुगतं. तिथे तापवून थंड होऊ देणं आणि पुन्हा तापवणं, याने गंजाची पकड ढिली होते.

इथे एक अडचण नेहमी येते आणि ती लक्षात न आल्याने लोक वैतागतात. प्लगच्या मागे दहा-बारा लिटर ऑइल उभं असतं. हीट गनने कितीही तापवा, ती उष्णता ऑइल ओढून घेतं आणि कड कोमटच राहते. म्हणून आधी वरच्या फिलरमधून नळी घालून, हातपंपाने किंवा व्हॅक्यूम पंपाने ऑइल ओढून काढा. गिअर ऑइल थंड असताना मधासारखं असतं, नळीतून येत नाही. म्हणून ओढण्याआधी गाडी वीस-तीस मिनिटं चालवून आणा, कोमट ऑइल पंप सहज ओढतो. मग रिकाम्या केसिंगला हीट गन दहा-पंधरा मिनिटं दाखवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरून उडाला की पुरे, त्यापुढे नेऊ नका. जवळपास ऑइल सील किंवा सेन्सरची वायर असेल तर ओल्या फडक्याने झाका.

गॅसची ज्योत ॲल्युमिनियमच्या केसिंगला लावू नका. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही आणि वितळण्याच्या जवळ आलं की एकदम खचतं. लोखंडी केसिंगवर ज्योत चालते, पण पेनेट्रेटिंग स्प्रे मारलेला भाग आधी पुसून कोरडा करा, त्यातलं तेल आणि डब्यातला वायू दोन्ही पेट घेतात. खाली सांडलेलं ऑइल पुसलेलं हवं आणि अग्निशामक हाताच्या अंतरावर.

कोपरे पूर्ण गेले असतील तर: बाहेरून डोकं असलेल्या प्लगवर आतून उलट्या पेचाची एक्स्ट्रॅक्टर गोटी ठोकून बसवा. जेवढं फिरवाल तेवढी ती डोक्यात रुतत जाते. ती नसेल तर डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू कानशीने घासून लहान मापाच्या पान्याला बसतील अशा करा. डोकं उंच असेल तर पाईप पाना चांगला धरतो. छिन्नी हा त्यानंतरचा उपाय: डोक्याच्या कडेला धारदार छिन्नीने आधी सरळ खाच पाडायची, मग छिन्नी तिरकी करून उलट्या दिशेने ठोकायची. कुरूप दिसतं, पण कडेवर बसणारा प्रत्येक ठोका धक्का आणि वळण दोन्ही देतो. आतला षटकोन गोल झाला असेल तर किंचित मोठा टॉर्क्स किंवा स्प्लाइन बिट ठोकून बसवा.

वेल्डिंगचा उपाय खरोखर चांगला आहे, कारण नट वेल्ड केल्याने नवं डोकं मिळतं आणि उष्णता थेट प्लगमध्ये जाते. पण तो भरलेल्या गिअरबॉक्सवर करायचा नाही. ऑइल वरून काढून टाका, फिलर प्लग उघडाच ठेवा म्हणजे आतली वाफ कोंडणार नाही. बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प प्लगच्या शेजारी केसिंगलाच लावा. चॅसिसवर दूर लावली तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडू शकतो. प्लगच्या डोक्यापेक्षा लहान भोकाचा नट घेऊन आतून भरून वेल्ड करा, लाली जाईपर्यंत थांबा आणि अंगात गरमी असतानाच उलटसुलट हलवत काढा. प्लग ओतीव लोखंडाचा असेल तर वेल्ड धरत नाही, तडकून सुटतं.

ड्रिलने भोक पाडून स्टड एक्स्ट्रॅक्टर घालायला मी सांगणार नाही. ड्रिलचा चुरा आत पडतो, आणि कडक पोलादाचा एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर त्यावर पुढचं ड्रिलही चालत नाही.

आणि थांबायचंही असतं. ऑइल वरून निघालेलंच आहे, प्लग अजून हलत नाही, रोज गाडी लागते. मग गाडी अशी उभी करा की उरलेलं ऑइल नळी पोचेल त्या बाजूला जमेल, शक्य तेवढं ओढून घ्या, नवं भरा आणि प्लगचं काम गिअरबॉक्स उतरेल तेव्हावर टाका. तळाशी थोडं जुनं ऑइल राहतं आणि प्लगच्या चुंबकावरचा कीस साफ होत नाही, म्हणून पुढचा बदल नेहमीच्या निम्म्या अंतरावर करा. फुटलेल्या केसिंगपेक्षा हे शंभरदा परवडतं.

प्लग सुटला की शेवटचे दोन-तीन आटे हाताने फिरवताना तो वर दाबून धरा आणि मग एकदम बाजूला घ्या. ऑइल अजून आत असेल तर ते गरम असतं, हाताच्या आणि कोपराच्या रेषेत येऊ देऊ नका. खाली वीस लिटरचं भांडं ठेवा. मोठ्या ट्रकच्या गिअरबॉक्समधून दहा ते चौदा लिटर सहज निघतं.

चुंबकावर काय आहे ते पुसण्याआधी बोटांत घेऊन बघा. करड्या रंगाची लोण्यासारखी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण, पातळ पापुद्रे किंवा दाताचा तुकडा असेल तर नवं ऑइल भरण्याआधी गिअरबॉक्स उघडायचा विचार करा. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या, पितळी रिंगा झिजत आहेत, त्या चुंबकाला चिकटत नाहीत. दुधट ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा ये-जा करायची वाट, तुंबला आहे का ते आधी बघा.

केसिंगमधल्या आट्यांवरून बोट फिरवा. पहिले एक-दोन आटे दुखावले असतील तर त्याच मापाचा टॅप, त्याच्या खाचांत ग्रीस भरून, हाताने हलकेच फिरवा. चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. माप मोजूनच टॅप घ्या, एम२४ बाय १.५ आणि एम२४ बाय २ (व्यास २४ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १.५ किंवा २ मिमी) डोळ्यांना सारखे दिसतात. आटे सोलूनच निघाले असतील तर थ्रेड इन्सर्ट बसवावा लागेल. त्यानंतर लिटरभर स्वच्छ ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या. ॲल्युमिनियमचा चुरा कुठलंच चुंबक पकडत नाही.

झिजलेला प्लग परत लावू नका, कितीही बरा दिसला तरी. नवा प्लग, नवा वॉशर. तांब्याचा जुना वॉशरच वापरायची वेळ आली तर तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ होतो. टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच आवळा. आट्यांना अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट, लावलं असेल तर तोच आकडा प्रत्यक्षात जास्त घट्ट बसतो, म्हणून खालच्या मर्यादेला थांबा. निमुळत्या प्लगला पातळ सीलंट पेस्ट, पहिले दोन आटे कोरडे सोडून. टेफलॉन टेप नको, तिचे तुकडे आत सुटतात. निमुळता प्लग डोकं टेकेपर्यंत आवळायचा नसतो, तो थोडा बाहेरच राहतो.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे; जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ भरलं तर सिंक्रोनायझरच्या पितळाला त्रास होऊ शकतो आणि गिअर अडखळत पडतात. सपाट जागेवर फिलरच्या कडेवरून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरा. बोट आत घालून टोकाला ऑइल लागलं, एवढ्याने पातळी पुरी होत नाही. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा, बहुतेक वेळा अर्धा लिटर आणखी जातं. मग पन्नासेक किलोमीटर चालवून या, गाडी गार झाल्यावर प्लगभोवती कोरडा कागद फिरवा आणि फिलर उघडून पातळी पुन्हा तपासा.